मामांचा ट्वीडचा कोट : जुन्या विलायती कोटाची शिवण कशी वाचावी?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. माझे थोरले मामा १९५७ साली वैद्यकाच्या पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि सहा वर्षे लीड्सच्या एका रुग्णालयात काम करून परत आले. तिकडून आणलेला त्यांचा लोकरी कोट मामींनी इतकी वर्षे जपून ठेवला होता आणि गेल्या महिन्यात तो त्यांनी माझ्या मुलाला दिला. मला शिवणकाम घरगुती पोलक्या-परकरापुरतेच येते, कोटाची विद्या मुळीच येत नाही. म्हणून जाणकारांना विचारते आहे.

कोट तपकिरी ट्वीडचा, म्हणजे जाड, खरबरीत लोकरी कापडाचा आहे आणि वीण माशाच्या काट्यासारखी आहे. लांबून तो एकरंगी दिसतो, पण उजेडात धरला की त्यात विटकरी, शेवाळी आणि मधूनच मोरपंखी धागा दिसतो. पुढे तीन बटणे आहेत. बाजूच्या दोन्ही खिशांवर झाकणे असून उजव्या खिशाच्या वर एक छोटा तिसरा खिसा आहे. पाठीत खालच्या कडेला उघडी ठेवतात ती चीर नाही. डाव्या लॅपेलवर (छातीवर उलटलेल्या कडेवर) खरे, म्हणजे कापून शिवलेले काज आहे आणि उजव्या बाजूला कॉलरच्या खाली एक एकटे बटण आहे, ज्याचा उपयोग मला कळत नाही. अंगाचे अस्तर काळपट तपकिरी, मात्र बाह्यांच्या आतले अस्तर दुधी रंगाचे आणि बारीक पट्ट्यांचे आहे. कोपराजवळ कसरीने पाडलेली दोन छिद्रे आहेत.

खांदे मुलाला नेमके बसतात, छातीही बसते. बाह्या मात्र इंचभर आखूड पडतात. बाहीवर तीन-तीन बटणे आहेत आणि शेवटचे बटण कडेपासून अर्ध्या इंचावर आले आहे. आमच्या भागातल्या एका शिंप्याने कोट हातात न घेताच ‘जुन्यात काही होत नाही, नवा शिवा’ असे सांगितले. कोट साधारण कोणत्या काळातला असेल, आतून तो कसा शिवलेला असेल आणि बाही वाढवता येईल का, हे तीन प्रश्न आहेत.

टिपटाका

ओसरीताई, वडिलांचे गिरगावात कोट शिवण्याचे दुकान होते आणि मी स्वतः पंचवीस वर्षे बेतण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोट हे असे वस्त्र आहे की त्याची किंमत दिसणाऱ्या कापडात निम्मीही नसते. उरलेली सगळी कापड आणि अस्तर यांच्या मधे दडलेली असते. तेव्हा आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो.

पुढच्या भागात सर्वांत खालच्या काजाच्या थोडे खाली बाहेरचे कापड एका चिमटीत आणि आतले कापड दुसऱ्या चिमटीत धरा आणि हलकेच एकमेकांपासून दूर करा. मधे एखादा तिसरा थर सुटा सरकताना जाणवला, तर आत टाक्यांनी बसवलेला कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारा कडक कापडी थर आहे. बाहेरचे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ लागले आणि तिसरा थर वेगळा होतच नसला, तर ते आपण दुकानात ज्याला पेस्टिंग म्हणतो ते, म्हणजे उष्णतेने चिकटवलेले अस्तर आहे. कोटाच्या पुढच्या भागाला असे चिकटवण्याची पद्धत १९६० नंतरच्या काळात कारखान्यांतून पसरली, कारण तिच्यामुळे कित्येक तासांचे हातकाम दाबयंत्राखाली मिनिटांत होऊ लागले.

टाक्यांच्या कोटात छातीवर जो कडक थर असतो, त्याच्या आडव्या धाग्यात घोड्याच्या शेपटीचे केस विणलेले असतात. केस आडवेच का, तर आडवे असले म्हणजे छातीला भर राहतो आणि कोट उभ्या दिशेने मात्र अंगावर सहज पडतो. पूर्वीचा कारागीर हा कॅनव्हास आधी भिजवून, आटवून, वाळवून घेत असे, कारण तो पुढे पावसात आटला तर सगळा कोट आखडतो. त्यानंतर लॅपेलच्या आत तिरक्या टाक्यांच्या ओळी घातल्या जातात. प्रत्येक टाका बाहेरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलतो, त्यामुळे तो बाहेरून दिसत नाही. आणि हे टाके घालताना लॅपेल सपाट ठेवत नाहीत, बोटावर वळवून धरतात. शेकडो टाक्यांनी ते वळण कायमचे बांधले जाते, म्हणून हाती शिवलेली लॅपेल इस्त्रीच्या घडीसारखी मोडत नाही, ती छातीवरून गोलाईने उलटते. ज्या रेषेवर ती उलटते, तिच्या किंचित मागे एक सुती पट्टी शिवलेली असते. ही पट्टी रेषेपेक्षा तीन-चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आखूड घेतात आणि ओढून बसवतात, म्हणजे लॅपेल छातीपासून सुटून पुढे येत नाही. वडिलांकडे शिकताना मला ही पट्टी नीट बसवायला दोन वर्षे लागली.

आता कॉलर उभी करून तिची खालची बाजू पाहा. तिथे ट्वीड नसून नमद्यासारखे दाट मेल्टन कापड असले आणि त्याच्या कडेला हाताचे टाके दिसले, तर कोट काळजीने शिवलेला आहे असे समजायला हरकत नाही.

लीड्सकर

मी गेली अकरा वर्षे लीड्समध्ये राहतो, त्यामुळे या धाग्याशी माझे नाते आपोआप जुळले. मामा ज्या काळात इथे होते त्या काळात हे शहर कोटांचेच होते. १८५० च्या दशकात जॉन बॅरन या इथल्या कारखानदाराने लाकूड कापण्याच्या पट्टीकरवतीवरून कल्पना घेऊन कापडाचे अनेक थर एकदम कापणारे पाते वापरात आणले आणि तयार कपड्यांचा मोठा धंदा इथे उभा राहिला. पुढे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कारागिरांनी तो वाढवला. त्यांच्यातलेच लिथुएनियातून आलेले माँटेग्यू बर्टन. त्यांच्या हडसन रोडवरच्या कारखान्यात एके काळी दहा हजारांवर माणसे काम करीत होती. गिऱ्हाईकाने आपल्या गावातल्या दुकानात माप द्यायचे, मापाचा कागद लीड्सला जायचा आणि काही दिवसांनी त्याच मापाचा सूट दुकानात परत यायचा, अशी ती व्यवस्था होती. कारकून, खाणकामगार, शाळामास्तर अशा साध्या पगाराच्या माणसाला मापाचा सूट मिळू लागला तो या व्यवस्थेमुळे. दुसरीकडे, शहरात स्वतंत्र शिंपीही बरेच होते आणि त्यांच्याकडे दोन-दोन ट्रायल देऊन कोट शिवला जात असे.

काळ ठरवण्यासाठी एक खूण आवर्जून शोधा. आतल्या अस्तरावर किंवा खिशाजवळ दोन गोल ‘सी’ आणि पुढे ४१ हा आकडा अशी चिठ्ठी आहे का? दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ब्रिटिश सरकारने ‘युटिलिटी’ कपड्यांची योजना आणली आणि ती १९५२ पर्यंत चालली. ही खूण त्या योजनेची आहे. तुमचा तो छोटा तिसरा खिसाही बोलका आहे. १९४२ मध्ये कापड वाचवण्यासाठी पुरुषांच्या सूटवर कडक बंधने आली. दुहेरी बटणांचा कोट बंद झाला, खिशांची संख्या मर्यादित झाली, बाहीवरची केवळ शोभेची बटणे आणि पँटच्या दुमडलेल्या मोहऱ्यासुद्धा बंद झाल्या. १९४४ मध्ये ही बंधने उठली. तिसरा खिसा आणि बाहीवर तीन बटणे असलेला कोट त्या दोन वर्षांतला असण्याची शक्यता म्हणून फारच कमी आहे.

ओसरी

दोघांचेही मनापासून आभार. टिपटाकादादा, चिमटीने पाहिले. तिसरा थर स्पष्ट सुटा सरकतो. कॉलरखाली गडद हिरवे, दाट कापड आहे आणि त्याच्या कडेला हाताचे नागमोडी टाके आहेत. ‘सी सी ४१’ ही खूण मात्र कुठेच सापडली नाही. लॅपेलची रुंदी मोजली, ती सर्वांत रुंद जागी साडेतीन इंच भरली.

जुनीवीण

युटिलिटीची खूण नसणे हा पुरावा धरू नये. त्या योजनेबाहेरचे कपडेही तेव्हा शिवले जात होते, त्यांवर करही भरावा लागत असे आणि शिंप्याकडे मापाने शिवलेल्या कोटाला ही चिठ्ठी असेलच असे नाही.

मी गेली काही वर्षे जुन्या पुरुषी कपड्यांचा अभ्यास करते आहे. माझ्या मते काळ ठरवताना शहरी सूट आणि ट्वीडचा कोट यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. शहरी सूटाची लॅपेल १९३० च्या दशकात रुंद होती, १९६० च्या सुमारास ती अडीच इंचांपर्यंत अरुंद झाली आणि सत्तरीत पुन्हा पसरली; त्यावरून काळ बराच नेमका सांगता येतो. ट्वीडचा कोट मुळात शेतावरचा, शिकारीचा, घोडेस्वारीचा. १८६० च्या दशकात रूढ झालेले नॉरफोक जॅकेट आठवून पाहा : पुढे-मागे उभ्या चपट्या चुण्या आणि त्यांच्या खालून जाणारा त्याच कापडाचा कमरपट्टा. बंदूक खांद्याला लावताना हात उचलला की पाठीच्या चुण्या उघडतात आणि हात खाली आला की मिटतात. पुढे बहुतेक कोटांवरचा पट्टा गेला, चुण्या गेल्या, पण तिरके खिसे, मोठी झाकणे, गळ्यापाशी बंद करायचे बटण अशा खुणा उरल्या. घोडेस्वारीच्या कोटाला मागे एकच लांब चीर असते, कारण खोगिरावर बसल्यावर कोटाचे दोन्ही पदर दोन बाजूंना पडायला हवेत. दोन बाजूंना दोन चिरा हे शहरात पन्नाशीच्या अखेरीस आणि साठीत फार दिसू लागले. चीर नसलेली पाठ तीस-चाळीसच्या दशकांत नेहमीची होती. म्हणून मला हा कोट मामा तिथे पोचण्याच्या आधीच्या काळातला वाटतो.

कॉलरखालचे एकटे बटण डाव्या लॅपेलवरच्या काजासाठी आहे. कॉलर उभी करा, लॅपेल मिटवा आणि ते बटण त्या काजात घाला. वाऱ्यापावसात गळा बंद करण्याची ती सोय आहे. आज त्या काजात फूल खोवतात, आणि चांगल्या कोटाला देठ अडकवण्यासाठी लॅपेलमागे बारीक दोऱ्याचा फासही असतो, पण काजाचा जन्म बटणासाठी झाला.

काळाकोट

जुनीवीण यांचा शेवटचा परिच्छेद वाचून मी माझा कोट कपाटातून काढला आणि कॉलर उभी करून पाहिली. समोर आरशात चक्क आमच्या आजोबांच्या फोटोतला बंद गळ्याचा कोट दिसला. धोतर, काळी टोपी आणि गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट हा आपल्याकडच्या मास्तरांचा आणि कचेरीतल्या माणसांचा वेष होता. लॅपेल म्हणजे बंद गळ्याच्या कोटाचीच वरची बटणे सोडून उलटवलेली कड, असे समजणे बरोबर आहे का?

टिपटाका

बरोबर आहे. उभ्या गळ्याचा कोट उघडा टाकला की वरचे कोपरे आपोआप बाहेर पडतात, त्यांनाच पुढे आकार दिला गेला. कॉलर आणि लॅपेल यांच्या मधली ती खाच म्हणजे उभ्या कॉलरचे टोक जिथे संपत होते ती जागा. आपल्याकडचे शिंपी दोन्ही प्रकार शिवत, पण बंद गळ्यात कारागिराची खरी कसोटी मानेपाशी लागते, कारण तिथे चूक लपवायला लॅपेल नसते.

जुनीवीण यांच्याशी काळाबद्दल मात्र मी पूर्ण सहमत नाही. मामा १९५७ ला गेले, थंडी पाहून पहिल्या वर्षीच त्यांनी कोट शिवला, असे मला सरळ वाटते. चीर नसलेले ट्वीडचे कोट जुन्या वळणाचे शिंपी पन्नाशीतही शिवत होते.

एक विनंती. बाही खांद्याला कशी जोडली आहे ते पाहून सांगाल का? मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते गोल, उंच, बगलेच्या जवळ आहे का?

जुनीवीण

मुंढ्याचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर येण्याआधी थोडे लिहिते. आज तयार कोट घालून हात वर केला की सगळा कोट वर उचलला जातो आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा खोल ठेवला की एकच माप अनेक अंगांना चालते, म्हणून कारखान्याला ते सोयीचे असते. जुन्या मापाच्या कोटात मुंढा लहान आणि बगलेला लागून असतो, बाही मात्र त्यात मावेल त्यापेक्षा इंच-दीड इंच जास्त घेराची बेततात. हा जास्तीचा घेर धावदोऱ्याने गोळा करून, वाफेने आणि इस्त्रीने लोकर आटवून मुंढ्यात बसवतात. हात हलायला जागा मिळते ती या आटवलेल्या कापडात. सुताला ही कला चालत नाही, लोकरीला चालते, कारण ओलावा आणि उष्णता मिळाली की तिचा धागा आकार घेतो आणि तो धरून ठेवतो.

खांद्याच्या आणि छातीच्या बाबतीत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनमध्ये एक मोठा बदल झाला. फ्रेडरिक शोल्टे हे मूळचे डच शिंपी. राजरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांचे डगले त्यांनी पाहिले होते. कमरेला पट्टा आवळला की त्या डगल्यांची छाती भरून येते, हे हेरून त्यांनी साध्या कोटाच्या छातीत आणि पाठीत, बगलेजवळ, मुद्दाम थोडे जास्तीचे कापड सोडले, खांद्याची भर कमी केली आणि कंबर आवळली. तेव्हाचे युवराज, म्हणजे नंतरचे ड्यूक ऑफ विंडसर, यांचे कोट ते कित्येक वर्षे शिवत होते. १९०६ मध्ये सुरू झालेल्या अँडरसन अँड शेपर्ड या दुकानाचे पेर अँडरसन त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि ती बेतणी तिथे आजही चालते. त्याच सुमारास, १९३० च्या दशकात, नेपल्समध्ये रुबिनाची यांच्या दुकानात व्हिन्चेन्झो अट्टोलिनी यांनी कोट आणखी हलका केला. त्यांनी खांद्यातली भर काढली, अस्तर कमी केले आणि बाही सदऱ्यासारखी, वर बारीक चुण्या दिसतील अशी जोडली. उकाड्याच्या गावाला ते शोभूनही दिसले. मुंबईत कोट घालायचा तर हीच वाट धरावी, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्या कोटाचे कापड त्याच्या अगदी उलट टोकाचे असणार. तेव्हाचे ट्वीड वारी सोळा-अठरा औंस, म्हणजे मीटरला पाचशे ग्रॅमच्या वर सहज असे; आजचे सूटाचे कापड त्याच्या निम्म्याने भरते. वजनदार कापड इस्त्री धरते आणि स्वतःच्या भाराने सरळ पडते. तितक्या जाड कापडाला शोल्टे यांची सैल छाती तितकीशी मानवत नाही.

ओसरी

मुंढा बगलेला अगदी लागून आहे. मुलगा कोट घालून हात वर करतो तेव्हा कॉलर मानेला तशीच चिकटून राहते. हे आम्ही आजवर लक्षपूर्वक पाहिलेच नव्हते.

लीड्सकर

एक जागा पाहायची राहिली आहे. आतल्या खिशाच्या आत हात घालून खिशाचे अस्तर बाहेर ओढा. इथले शिंपी गिऱ्हाईकाचे नाव आणि तारीख लिहिलेली कापडी चिठ्ठी बहुधा तिथेच लावत.

हिवाळी

काळ ठरेपर्यंत कोट कृपया धुवायला टाकू नका. माझ्या वडिलांचा असाच कोट मी पुण्यात एका लाँड्रीत ड्रायक्लीनला दिला होता. तो परत आला तेव्हा लॅपेल कागदासारखी सपाट दाबलेली होती आणि कापडावर चकाकी आली होती. नंतर वाफ देऊन तिचे वळण थोडेफार परत आणता आले, चकाकी कायम राहिली. लोकरीला वर्षभर मऊ ब्रश पुरतो. कसरीसाठी आधी कोट उन्हात दोन्ही बाजूंनी झटकावा, मग हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे आतली अंडी मरतात. डांबरगोळ्यांचा वास कापडातून निघता निघत नाही. कोपरावरची छिद्रे रफू करणाऱ्याला द्या आणि रफूसाठी लागणारा धागा कोटाच्याच आतल्या मायेतून, म्हणजे शिवणीत सोडलेल्या जादा कापडातून, काढायला सांगा, कारण तसा मिसळलेला धागा बाजारात मिळणार नाही.

ओसरी

लीड्सकर, चिठ्ठी सापडली. उजव्या आतल्या खिशाच्या अस्तरावर पिवळट कापडाचा चौकोन आहे, त्यावर शाईने तारीख लिहिली आहे : ऑक्टोबर १९४८. वर नाव आहे, पण ते मामांचे नाही. इंग्रज माणसाचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

मामींना फोन केला. त्यांना हे ठाऊक होते. पहिल्या हिवाळ्यात मामांकडे नव्या कोटापुरते पैसे नव्हते, म्हणून त्यांनी तो बाजारातून जुना घेतला आणि एका शिंप्याकडून बाह्या कमी करून घेतल्या. घरी आजोबांना मात्र त्यांनी ‘इथे कोट शिवून घेतला’ असे पत्रात कळवले होते, एवढेच मामी म्हणाल्या.

टिपटाका

मग माझा अंदाज चुकला आणि जुनीवीण यांचा बरोबर आला. शेवटचे बटण कडेपासून अर्ध्या इंचावर आहे हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिले होते आणि माझे तिकडे लक्ष गेले नाही, याचे वाईट वाटते. कोट शिवताना ते अंतर सव्वा ते दीड इंच ठेवतात. बाही खालून दुमडून कमी केली, पण बटणांजवळची काजे आधीच शिवलेली असल्यामुळे बटणे तिथेच राहिली. ती काजे नुसती दोऱ्याने उमटवलेली आहेत की खरोखर कापलेली आहेत ते पाहा. कापलेली नसली तर काम सोपे आहे. बाहीचे अस्तर खालून उसवा आणि आत किती कापड दुमडलेले आहे ते मोजा. चांगला शिंपी कमी केलेले कापड सहसा कापून टाकत नाही, आत ठेवतो. बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीतही तो माया सोडतो, कारण कोट घालणाऱ्याचे अंग बदलते हे त्याने गृहीत धरलेले असते. खांद्याला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका. खांदा उघडला की बाही, कॉलर आणि कॅनव्हास तिन्ही उघडावे लागतात, आणि तुमच्या मुलाला तो बसतोच आहे.

लीड्सकर

ऑक्टोबर १९४८ ही तारीख वाचून थांबलो. इंग्लंडात कपड्यांचे रेशन जून १९४१ मध्ये सुरू झाले आणि मार्च १९४९ मध्ये संपले. रेशन सुरू झाले तेव्हा माणशी वर्षाला ६६ कूपने होती आणि अस्तर लावलेल्या लोकरी कोटाला त्यांतली १३ लागत. हा कोट रेशन संपण्याच्या पाच महिने आधीचा आहे. पहिल्या मालकाने त्यासाठी पैशांखेरीज कूपनेही मोजली असणार.

ओसरी

काल दादरच्या एका वयस्क शिंप्याकडे कोट नेला. त्यांनी तो टेबलावर उलटा पसरला, बराच वेळ नुसता पाहिला आणि मग माझ्यासमोरच डाव्या बाहीचे अस्तर खालून उसवले. काजे कापलेली नव्हती. आत सव्वा इंच कापड दुमडलेले निघाले. लीड्सच्या त्या दुसऱ्या शिंप्याने ते कापले नव्हते, लांब सैल टाक्यांनी आत धरून ठेवले होते. उलगडल्यावर बाहेर आलेली पट्टी बाकीच्या बाहीहून गडद आणि ताजी आहे. विटकरी धागा तिच्यात चांगला ठळक दिसतो. आतून धरायला पाव इंच कापड ठेवून बाही बरोबर इंचभर खाली आली आणि शेवटचे बटण कडेपासून दीड इंचावर गेले. हेम कमी पडेल म्हणून त्यांनी आतून पातळ कापडाची पट्टी जोडली आहे. रफूसाठी धागे त्यांनी बाजूच्या शिवणीतून काढून घेतले.

जुन्या घडीची रेघ बाहीवर राहील, वाफेने ती थोडी पुसट होईल पण पूर्ण जाणार नाही, असे त्यांनी आधीच सांगितले. चालेल, म्हणून मी सांगून आले. कोट पुढच्या शनिवारी मिळेल.